बागेत बसलेला माणूस

तरी मी म्हणतोच बाबा, त्या दिवशी तुम्ही बोलायला नको होतं. घरात एवढी माणसं बसलेली. जुईनगरला आपल्या मजल्यावर टीव्ही आपल्याचकडे, त्यामुळे ती मालिका लागली की शेजारपाजार सगळा आपल्या खोलीत. मालिकेतल्या माणसाची नोकरी गेलेली असते आणि घरी सांगायची हिंमत नसते. रोज इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन निघतो. कुणी ‘काय, कामावर?’ विचारलं की प्रश्न संपायच्या आत ‘हो हो’ म्हणतो आणि आपल्याच पायात अडखळतो. लोक हसून हसून लोळायचे. तुम्ही कॉटवर बसून शांतपणे बघायचात, जसं काही कंपनीत मशीन कसं चालतंय ते तपासताय.

त्या दिवशी तो बागेत बाकावर बसून डबा खात होता. तुम्ही एकदम बोललात, ‘छे, चुकलं. बागेत वॉचमन उठवतो. बेलापूरला सरकारी ऑफिसच्या बाहेर बसायचं, काखेत एक फाइल धरायची. दिवसभर कोण विचारत नाही.’

शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘तुम्हाला काय माहीत हो भावजी?’ मी तुमच्याकडे बघतोय. तुमचे कान लाल झालेत. कारखान्यांच्या पट्ट्यातल्या तुमच्या कंपनीला कधीच टाळं लागलंय, हे मला त्या मिनिटाला कळलं. फर्स्ट शिफ्टला म्हणून तुम्ही कुठे जात होता, तेही.

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘आणि डबा?’

‘साडेदहालाच संपतो,’ तुम्ही म्हणालात. ‘काम नसलं की भूक लवकर लागते.’

‘मग उद्यापासून एक चपाती जास्त घालते.’

आणि तुम्ही हसलात. आधी तुम्ही, मग काकू, मग सगळी खोली. आई पण. मी तेवढा हसलो नाही. जिन्यात पोरं मला ‘फाइलवाला’ म्हणायला लागली, म्हणून मी तुमच्याशी भांडलो. तुम्ही म्हणालात, ‘अरे, तो नट रडला असता तर आपण टीव्ही बंद करून जेवायला बसलो असतो. हसवतो म्हणून तर आपण शेवटपर्यंत बघतो. आणि बघ तू, त्याला पण आधी कधीतरी काम नसणार. नाहीतर पाय असा अडखळत नाही.’

तेव्हा मला राग आला होता. आता नवल वाटतं. पगार घेऊन बेकारी करणारा तो माणूस, आणि त्याची चूक काढता काढता स्वतःची गोष्ट सांगून बसलेले तुम्ही. दोघांत मोठा नट कोण, मला अजून ठरवता येत नाही. पुढच्या आठवड्यात तर लोक टीव्हीपेक्षा तुमच्याच तोंडाकडे बघत होते, आता बाबा काय म्हणतात म्हणून. मालिका संपायच्या आत तुम्ही देवाघरी गेलात. सांगायचं राहिलं, त्याला शेवटी नोकरी लागली. त्या भागाला आपल्या खोलीत कुणी हसलं नाही.

हे आज आठवायचं कारण आहे. मी इथे मस्कतला सळ्या बांधायच्या कामावर आहे. सातवीत शाळा सोडली, कुठे टिकलो नाही, इथे टिकलो. काल खोलीत टीव्हीवर अरबी मालिका चालली होती. मला अरबी येतं ते साइटपुरतं. एक माणूस टाय लावून घरातून निघाला आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसला. मी एकट्याने मोठ्याने हसलो. बाजूचा केरळवाला म्हणाला, ‘क्या हुआ भाई?’ मी म्हटलं, ‘गलत जगह बैठा है. फाइल लेके ऑफिस के बाहर बैठने का.’ मग आमची अख्खी खोली हसली, कारण साइट बंद पडलीय आणि आम्ही सगळे नुसते पलंगावर बसून आहोत. बाबा, तेव्हा तुम्हाला कसं वाटलं असेल ते मला कळलं. हलकं वाटतं.

आईला फोनवर मी ओव्हरटाइम चालू आहे म्हणून सांगितलंय. हा कागद बॅगेतच राहील. पण पैसे हातात पडले की आकड्यावरून आईला सगळं समजतं. दर महिन्याला चार हजार रुपये जातात. उसने काढून तेवढेच पाठवणार होतो, कालपर्यंत. आता नाही. या खेपेला नऊशे पाठवतोय.