खोडलेली वाक्यं

प्रिय ठमे,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून नाक मुरडलं असशील, तरी पत्र फाडू नकोस. दोन वर्षं तू माझ्याशी बोललेली नाहीस आणि त्यात चूक माझीच आहे. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तुला शांतपणे वाचता येईल.

इकडे बरं चाललं आहे. तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात आणि ती माझ्यावर कुरकुरते. दर आठवड्याचं प्रवचन मी अजूनही आदल्या दुपारी स्वयंपाकघरात तिला वाचून दाखवतो. ती मटार सोलत ऐकते. ज्या वाक्याला तिचे हात थांबतील, ते मी मुकाट्याने खोडतो. तू याला मटार-परीक्षा म्हणायचीस आणि आम्ही हसायचो. राहतं घर प्रार्थनागृहाचं, तेव्हा विश्वस्तांची मर्जी सांभाळायलाच हवी, अशी मी तीस वर्षं स्वतःची समजूत घालत आलो.

समोरच्या शिंप्याचं दुकान तो परधर्माचा म्हणून लोकांनी बंद पाडलं, तेव्हाही मी एक वाक्य लिहिलं होतं. एकच. आईचे हात थांबले, मी ते खोडलं आणि दुसऱ्या दिवशी संयमावर तासभर बोललो. ज्याने तुझा शाळेचा पहिला गणवेश शिवला, तो बाहेर हातगाडीवर शिलाई मशीन चढवत होता आणि माझा आवाज त्याला स्पष्ट ऐकू जात होता. त्याच संध्याकाळी तू बॅग भरलीस. बापाला शिकवते, म्हणून मला तुझा रागच आला होता. आता माझी मलाच लाज वाटते.

सध्या निवडणुकीची धामधूम आहे. शिंप्यासारख्यांची वेगळी यादी करू, असं पुढारी भर सभेत सांगतात आणि लोक टाळ्या वाजवतात. त्यांच्या विजयासाठी या आठवड्यात प्रार्थना घ्या, असा मला विश्वस्तांचा निरोप आला. शेजाऱ्यांची यादी करणाऱ्यांसाठी मी प्रार्थना करणार नाही, असं मी लिहिलं आणि रिवाजाप्रमाणे वाचून दाखवलं. हात थांबले. मी पेन्सिल उचलली, तर तुझ्या आईने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि ती पुन्हा मटार सोलायला लागली. रडत होती, पण मान वर केली नाही.

काल मी ते बोललो. निम्मे लोक उठून गेले, काहींनी दाराशी नजर चुकवली. गावातल्या दुसऱ्या दोन धर्मांच्या गुरूंनी मात्र संध्याकाळी कळवलं की तेही आपापल्या ठिकाणी बोलणार आहेत. आज सकाळी विश्वस्तांचं पत्र आलं, महिनाअखेर घर सोडा म्हणून. तुझी आई लगेच भांडी बांधायला बसली आणि जुनं काय टाकायचं यावरून आमचं भांडणही झालं.

तेव्हा जागा मागायला लिहितोय असं समजू नकोस. मावशीकडे माडीवरची खोली रिकामी आहे, आम्ही तिथे जाऊ. मला शिंप्याचा पत्ता हवा आहे. तू त्याच्याकडे जातेस, हे आईने मला काल सांगितलं. भरल्या सभागृहात बोललो खरा, पण त्या एका माणसाच्या दारात उभं राहायचा मला एकट्याला धीर होत नाही. तू येशील का गं माझ्याबरोबर?

उशिरा का होईना बोललेला, तुझाच
बाबा