फुकटचं कांडप

१४ ऑक्टोबर, सोमवार

फुकट! आमच्या कांडपाच्या मशिनसमोर, रस्त्यापलीकडं सुनीलनं बोर्ड लावलाय — मिरची आमच्याकडून घ्या, कांडप फुकट. मला अक्षर येत नाही. पण सकाळपासून जी बाई आली ती दारात थांबून मला तो बोर्ड वाचून दाखवतेय. आता माझा पाठ झालाय. त्यांचं वाचन मात्र संपत नाही!

हे मी बोलते आणि मोबाईल लिहितो. नातीनं, निकितानं शिकवलं. अकरावीला आहे, पाथर्डीला एसटीनं जाते. म्हणाली, "आजी, माईकवर बोट ठेव आन् मनातलं बोल. कुणी वाचनार न्हाई." म्हटलं, बाई, मीसुद्धा नाही!

हसले खरी. पण बोर्ड लागल्यापासून गल्ल्यातले पैसे तीनदा मोजले.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

दसरा झाला. आता दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडायला निघेल — कुणी कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. सहा महिन्यांचा मसाला, आमटीला लावायचं सहा महिन्यांचं येसूर बांधून न्यायचं. ते सगळं आमच्या मशिनवर होतं. उन्हाळ्यात गावातल्या घरांचा मसाला होतो, पण तो दुरुस्तीत आणि वीजबिलात जातो. आमचं वर्ष निघतं ते या दिवसांवर.

आज दुपारपर्यंत रांग बाहेर रस्त्यावर असायला हवी होती. चार-दोन बाया आल्या. दोन मांजरंही आली. मांजरं जास्त वेळ थांबली.

आमच्याकडं बाई आपल्या मसाल्यापाशी उभी राहते. मुसळं खालीवर आपटतात, डोळ्यांतून पाणी, नाकाला पदर, ठसका लागून जीव अर्धा होतो, पण बाई हलत नाही. शेजारणीची चिमूट आपल्यात नको, आपली तिच्यात नको. एक दगडफूल जास्त घालणार, दुसरी खोबरं काळं होईपर्यंत भाजणार. सून आली की पहिल्या वर्षी सासू तिला मशिनवर आणते आणि कोपऱ्यात उभी करते. हेच तिचं शिक्षण!

सुनीलकडं काचेचं दार. मशिन आत. तिथलीच मिरची तोलून घ्यायची, बाहेर खुर्चीवर पंख्याखाली बसायचं. आतून बांधलेली पिशवी येते. डोळ्याला पाणी नाही, ठसका नाही. वर चहा.

मी बाई असते तर गेले असते. म्हणजे, बाई आहेच. पण कळलं ना.

१६ ऑक्टोबर

घरात बैठक झाली. मोनिका, माझी सून. मशिन तीच चालवते, मी गल्ल्याजवळ बसून लोकांच्या खोड्या काढते. ती म्हणाली, "आत्या, आपन दर कमी करू."

म्हटलं, "फुकटापेक्षा कमी म्हंजे काय गं? कांडून द्यायचं आन् वर लाडू द्यायचा?"

ती हसली नाही.

कल्याण — माझा मुलगा, दुसऱ्याची जीप चालवतो — म्हणाला, "आई, मिरचीच्या कंपनीनं सुनीलला मशिन दिलीय. त्यांची मिरची खपती, म्हनून कांडप फुकट परवडतं. मार्केट हाय हे. ज्याला परवडंल त्यो टिकंल."

म्हटलं, "या मार्केटला एकदा जेवायला बोलाव. आमटी वाढते, बघते कसा टिकतो."

पण ते नुसतं तोंडानं. आत मला सगळं स्वच्छ दिसतंय. फुकट कायमचं नसतं. आम्ही दार लावलं की तो बोर्ड उतरेल. आम्ही दार लावेपर्यंत टिकायचं, एवढंच त्यांना करायचंय. आणि त्यांना ते जमेल!

१८ ऑक्टोबर

मुकादम आला. गोरक्ष. तोच ऊसतोडीची टोळी घेऊन जातो. ओट्यावर बसला, कल्याणकडं पाहून म्हणाला, "यंदा येक जोडी कमी पडतीय मला. मशिन काय चालंना म्हनं तुमची?"

जोडी म्हणजे नवरा-बायको. एक कोयता. त्याची नजर कल्याणवरून मोनिकावर गेली. बाजारात बैल बघतात तशी.

मी म्हटलं, "मुकादम, जोडीच पायजे ना? मी येते. तू न् मी जाऊ!"

सगळे हसले. तोही हसला. पण उठताना म्हणाला, "इचार करा. दिवाळीपर्यंत नावं लिवून घेतोय मी."

तो गेला तशी मी गल्ल्याजवळ मटकन बसले. मोनिकानं हात धरला. विचारलं, "आत्या, चक्कर आली का?" म्हटलं, "मुकादम लई देखणा ना, म्हनून."

मोनिकाच्या हातांना मिरची माहीत आहे. ऊस माहीत नाही. मला माहीत आहे. पहाटेच्या थंडीत पाचट हाताला कापतं ते कळतही नाही, ऊन चढलं की मग आग होते. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, फळी हलते. निकिता मग कुठं? माझ्यापाशी? का तिलाही एखादं स्थळ बघून...

नको. आज एवढंच.

१९ ऑक्टोबर

मोनिकानं शेजारणीकडून सुनीलकडचा मसाला आणला. आमटी केली. मी दोष काढायला घोट घेतला.

चांगला आहे. मेला, चांगलाच आहे!

२१ ऑक्टोबर

आज मालनबाई आली. हिची जीभ एसटीच्या आधी शेवगावला पोचते. चार बायांत उभी राहून विचारते, "केशरबाई, सुनीलकडं कांडू का तुमच्याकडं? खरं सांगा."

मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हटलं, "काचेआड काय कांडत्यात देवाला ठावं! लाकडाचा भुसा रंगवून घातला तर तुला कळनार हाय का?"

बाया हसल्या. मीही. लई दिवसांनी बरं वाटलं.

२३ ऑक्टोबर

पलीकडच्या वस्तीवरची बाई आली, मिरच्यांची गोणी उतरवली आणि माझ्याच कानाशी येऊन मला सांगते, "आजी, ऐकलं का? सुनीलच्या मसाल्यात भुसा निघाला. मालनबाईनं सोताच्या डोळ्यानं बघितला!"

माझी थट्टा गावभर फिरून, अंगावर कपडे चढवून माझ्याच दारात परत आली.

आणि तिच्या मागं रांग! रस्त्यापर्यंत! पोरं आजारी पडतील, तोडीवर दवाखाना कुठं, भुसा खाऊन मरायचं का — हेच चाललं होतं. मोनिका घामानं चिंब. मशिन इतकी तापली की मधे बंद ठेवावी लागली. संध्याकाळी मोनिका गाणं गुणगुणत होती. कधीपासून ऐकलं नव्हतं.

तेव्हाच म्हणायला हवं होतं — अगं, मी गंमत केली. तोंड उघडलं सुद्धा. ठसका लागला. मिरचीचा असेल.

२४ ऑक्टोबर

रांग. भूक नाही.

२६ ऑक्टोबर

सुनील आला. गिऱ्हाईक होतं म्हणून बाजूला उभा राहिला. आपला नंबर लागायची वाट बघत! मला वाटलं, आता शिव्या देईल. म्हणून मीच आधी आवाज चढवला, "काय रे, फुकटवाल्या? वाट चुकला का?"

तो म्हणाला, "आजी, तुमच्याकडं येक मागनं हाय. तुमी येकदा दुकानात या. मशिन बघा, मसाला चाखा. आन् लोकांला खरं काय ते सांगा. माझं कुनी ऐकंना. तुमचं ऐकत्याल."

त्याला माहीतच नाही! भुसा कुणाच्या तोंडून निघाला ते त्याला माहीत नाही. असतं तर बरं झालं असतं. भांडण करता आलं असतं. भांडणात मला कोण हरवतंय?

म्हटलं, "कंपनी हाय की तुझ्या मागं."

"कंपनी कुनाच्या मागं नसती, आजी. दिवाळीपर्यंत त्यांचा ठरलेला माल खपला न्हाई तर मशिन उचलून दुसऱ्या गावात टाकनार. मग मुकादमाला येक जोडी पायजेच हाय. मी न् रुपाली जाऊ."

रुपाली त्याची बायको. सातवा महिना लागलाय.

मी म्हटलं, बघू. म्हटलं, गुडघे दुखतात. रस्ता ओलांडायला गुडघे दुखतात!

२७ ऑक्टोबर

कल्याण कोपीत जन्मला. पाचटाची झोपडी, खाली ओली जमीन. टोळीतल्या बायांनी लुगडं आडवं धरलं. ज्या कोयत्यानं दिवसभर ऊस तोडला त्याच कोयत्यानं नाळ कापली, चुलीत तापवून. माझ्या आधी एका बाईचं बाळंतपण तिथंच झालं होतं. तिचं मूल राहिलं, ती नाही. त्या कोपीच्या जागेवर पुढं ऊस लावला.

मी मोनिकाला सगळं सांगितलं. भुसा मीच म्हणाले होते ते. मला वाटलं रडेल, नाहीतर चिडेल. ती मशिनची मुसळं पुसत होती. पुसतच राहिली.

म्हणाली, "मला कवाच कळलं हुतं, आत्या. मालनबाईला दुसरं कोन सांगनार?"

मग फडकं खाली ठेवलं. "तुमच्या त्या येका बोलण्यावर आपली रांग हाय. आता तुमी खरं सांगितलंत तर ती रांग पलीकडं जाईल. आन् कोयता माझ्या हातात येईल. तुमच्या न्हाई."

मी फडकं उचललं आणि उरलेली मुसळं पुसली.

बाजार म्हणे मोकळा आहे. ज्याला हवं त्यानं यावं, दुकान मांडावं. मांडतात खरं. पण मुकादमाला पाहिजे एक जोडी, आणि रस्त्याच्या अलीकडं एक, पलीकडं एक. यात मोकळं काय आहे?

२९ ऑक्टोबर

मशिन चालू. मुसळं आपटतात ती छातीत आपटल्यासारखी वाटतात. आज कुणाची थट्टा केली नाही. बाया विचारतात, आजी आजारी हायेत का?

३० ऑक्टोबर, बुधवार

सकाळी घरच्या मिरच्या पिशवीत घेतल्या आणि रस्ता ओलांडला. सुनीलच्या दुकानात चिटपाखरू नव्हतं. काचेचं दार सताड उघडायला लावलं आणि मशिनपाशी उभी राहिले. आमच्या रांगेतून मालनबाई ओरडली, "केशरबाई, तिकडं कुठं?" मी तिथूनच ओरडून सांगितलं. भुसा माझ्या तोंडचा. खोटा. मसाला चांगला आहे, मी चाखलाय. मग एक बाई रांग सोडून पलीकडं आली. मग दुसरी. मी मागं पाहायचं सोडून दिलं.

घरी आले तर ओट्यावर मुकादम. मोनिकानं त्याला चहा दिला होता. विचारत होती, "कोल्हापूरकडं थंडी लई असती का?"