नाही म्हणणाऱ्या माणसाचं चित्र

बाबा, गेल्या महिन्यात माझ्या दुकानात एक चित्र छापायला आलं आणि त्यातल्या म्हाताऱ्याचे हात बघून मी मशीन बंद केलं. तुम्हाला माझं दुकान माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी दुसऱ्याकडे लग्नपत्रिका छापत होते. आता बोईसरला माझं स्वतःचं आहे. मोठमोठ्या संग्रहालयांतल्या जुन्या चित्रांच्या हुबेहूब प्रती मी जाड सुती कागदावर, कॅनव्हासवर काढून देते. हॉटेलवाले नेतात, डॉक्टर नेतात, नवीन बंगले बांधणारे नेतात. हे चित्र वसईकडच्या एका फादरांनी मागवलं होतं, त्यांच्या प्रार्थनागृहासाठी. युरोपातलं, काही शतकांपूर्वीचं. जवळजवळ सगळं काळोखात, आणि त्या काळोखात तीन माणसं. एक चिलखत घातलेला शिपाई, एक कामवाली बाई आणि एक टक्कल पडलेला म्हातारा. बाई बघते शिपायाकडे, पण बोट तिचं म्हाताऱ्याकडे आहे. आणि म्हाताऱ्याने दोन्ही हात स्वतःच्या छातीकडे वळवलेत, कपाळावर आठ्या, तोंड अर्धवट उघडं. फादरांनी गोष्ट सांगितली. येशूला पकडून नेलं त्या रात्री त्याचा सगळ्यात जवळचा शिष्य अंगणात शेकोटीपाशी उभा होता. कामवाली म्हणाली, हा पण त्याच्याबरोबरचा. तो म्हणाला, नाही, मी त्या माणसाला ओळखत नाही.

मी विचारलं, "मग त्याचं काय झालं?" फादर म्हणाले, "बाहेर जाऊन रडला." "एवढंच?" "नाही, पुढे येशूच्या माणसांचं सगळं त्याच्याच हातात सोपवलं गेलं." ते सहज म्हणाले. मला ते आवडलं नाही, बाबा. मी पावती फाडली आणि कामाला लागले.

नमुन्याचं प्रूफ काही केल्या पास होईना. म्हणजे मी करत नव्हते. म्हाताऱ्याचं कपाळ लाल येतंय म्हणून एकदा, मागचा काळा रंग फिका पडतोय म्हणून एकदा, मग हातांवरचा उजेड पिवळट वाटतोय म्हणून. माझ्याकडे मशीनवर गोरखपूरचे एक गृहस्थ आहेत, वयाने माझ्यापेक्षा मोठे, कधी उलट बोलत नाहीत. तेसुद्धा शेवटी म्हणाले, "मॅडम, इसमें खराबी क्या है, वो तो बताइए." मला सांगता येईना. मूळ फाईल आणि प्रूफ शेजारी शेजारी धरलं तर फरक नव्हता. ऑर्डरची तारीख जवळ येत होती, कॅनव्हास वाया जात होता, आणि मी त्या हातांकडे बघत बसत होते. बोटं आत वळलेली. जणू कुणी विचारलंय, हा सदरा कुणाचा, आणि तो म्हणतोय, माझा? माझा नाही.

मी चौथीत असेन. आपण कंपनीच्या चाळीत राहतो. स्टोव्हवर तवा आहे, आई भाकऱ्या थापते आहे, तुम्ही भिंतीला टेकून बसला आहात आणि तुमच्या भुवया जळलेल्या आहेत. दोनच दिवसांपूर्वी प्लांटमध्ये भडका उडाला आणि तुमचा कामावरचा जोडीदार त्यात गेला. किनाऱ्यावरच्या नवापूरचा काका. आपल्याकडे सुके बोंबील त्याच्याच घरून यायचे, आणि त्याच्या बायकोला मी मावशी म्हणायची. ती दारात उभी राहते. आत ये म्हटलं तरी येत नाही. सांगते की कंपनीचे साहेब म्हणतात, तो पिऊन आला होता, त्यानेच चुकीचा व्हॉल्व्ह उघडला. "तुमी त्याच्या बाजूला व्हते," ती म्हणते. "पायपातून गळतंय, हे त्यानं सकाळीच साहेबाला सांगितलेलं, ते पन तुमी ऐकलेलं. तुमी फक्त एवढं बोला, तो प्यालेला नव्हता. दुसरं मला काय नको." तिचं बोट तुमच्याकडे आहे, आणि ती बघते आहे आईकडे. तुम्ही दोन्ही हात छातीपाशी आणता. "मी नव्हतो तिथं," तुम्ही म्हणता, "मी चहाला गेलेलो." मावशी मग तुमच्याकडे वळते. तुमच्या भुवयांकडे बघते. बराच वेळ बघते. आई वळत नाही. तव्यावर भाकरी करपते, घरभर धूर होतो, तरी आई वळत नाही. मावशी गेल्यावर मी विचारलं, "बाबा, काका दारू नव्हते ना पीत?" तुम्ही म्हणालात, "गप जेव." तुमचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

पुढे चौकशीतही तुम्ही तेच सांगितलंत. नवापूरहून बोंबील यायचे बंद झाले. बाजारात समोरून मावशी आली की तुम्ही सायकल वळवायचात. त्या दिवाळीला तुम्ही पालघरहून मला रंगपेटी आणलीत, चांगली, महागातली. मी ती वापरली, आणि तुम्हाला कधी माफ केलं नाही. तुम्ही खोकत खोकत खंगत गेलात, मी तुमच्या उशाशी बसले, औषधं दिली, आणि तेव्हाही मनात तेच होतं. हा माणूस नाही म्हणाला होता.

मग त्या आठवड्यात आई दुकानात आली. डोळे तपासायला तिला बोईसरला आणलं होतं. भिंतीवर प्रूफ टाचलेलं होतं. ती खुर्चीत बसली, तिचं लक्ष तिकडे गेलं आणि ती उठून जवळ गेली. "हा कोन?" तिने विचारलं. मी गोष्ट सांगितली. ती म्हाताऱ्याच्या हातांकडे बघत राहिली. मला राहवलं नाही, मी म्हणाले, "बाबाच वाटतात ना?" मला तिला दुखवायचं होतं की काय, कोण जाणे.

"त्यांना कशाला बोलतेस," आई म्हणाली. "त्यांना मी सांगितलेलं."

मला आधी कळलंच नाही. ती पुन्हा बसली. म्हणाली, "ते बोलनार व्हते. ती दारात आली त्याच्या आदल्या दिवशी कपडे घालून निघालेले, साहेबाच्या तोंडावर सांगतो म्हनून. मी दार अडवलं. तुमी बोललात तर उद्या चाळ सोडावी लागंल, परत मनोरच्या पल्याड डोंगरात, पावसावरची शेती, नायतर वीटभट्टी. पोरगी शाळेत हाय. मी तुला समोर उभी केली. हिच्या डोक्यावर हात ठेवा, म्हटलं, आनि सांगा नाय बोलनार." मला ते आठवत नाही, बाबा. तुमचा हात माझ्या डोक्यावर होता आणि मला आठवत नाही. "मग त्यांनी ठेवला," आई म्हणाली. "माझ्याशी पुढं कितीतरी दिवस बोलले नाय."

मशीनवाले गृहस्थ बाहेर निघून गेले होते. इतकी वर्षं मी तुमच्यावर धरलेला राग आता कुठे ठेवावा ते मला सुचेना. तो आईवर ठेवता येईना. ती सत्तरीच्या पुढची, डोळ्यांत औषध घातलेलं, पदर हातात धरून बसलेली. मी म्हणाले, "मावशी आहे अजून. नवापूरलाच." आई म्हणाली, "म्हाईत हाय." आणि पदर खोचून उठत, "रिक्षा मिळंल काय?"

मावशी घराच्या बाजूच्या आवारात बांबूच्या काठ्यांवर बोंबील टांगत होती. शेजारच्या बायका जवळा निवडत होत्या. तिचा मुलगा, आता त्यालाच मुलं आहेत, जाळं पसरून बसला होता. तिने आईला ओळखलं. हातातलं काम थांबवलं नाही. आई चप्पल काढून तिच्यापर्यंत गेली आणि हळू म्हणाली, "तो पिऊन नव्हता. ह्यांनी सगळं बघितलेलं. मी नाय बोलू दिलं."

मावशी म्हणाली, "हे मला सांगायला आलीस? कामावर निघताना तो माझ्या समोरून गेलेला, शुद्धीत. मला ठाऊक हाय. ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांग." आणि तिने त्या बायकांकडे, मुलाकडे मान वळवली.

मला वाटलं, आई आता कोसळेल. मी तिचा दंड धरला. तिने माझा हात सोडवला. आवाराच्या मध्ये जाऊन ती मोठ्याने बोलली. तिचा आवाज फाटला. कोण गेला, कसा गेला, गळतंय म्हणून सकाळी कुणी सांगितलं होतं, साहेबांनी काय पसरवलं, तिच्या स्वतःच्या नवऱ्याने काय लपवलं आणि कुणाच्या सांगण्यावरून. बायकांचे हात थांबले. मावशीचा मुलगा उठून उभा राहिला. शाळेत त्याला दारुड्याचा पोर म्हणायचे, ते मला माहीत होतं. मला वाटलं आता हा अंगावर येईल. तो म्हणाला, "काकी, परत सांगा." आईने परत सांगितलं. त्याने खाली मान घालून सगळं ऐकलं, मग खिशातून मोबाइल काढून कुणाला तरी फोन लावला आणि म्हणाला, "दादा, इकडं ये. आपले आबा कसे गेले ते ऐकायला ये." आई तिसऱ्यांदा सांगायला उभी राहिली.

मावशीने आम्हाला घरात बोलावलं नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. निघताना फक्त आईच्या पायांकडे बघून म्हणाली, "चप्पल घाल, वाळू तापलीय."

दुसऱ्या दिवशी मी प्रूफ पास केलं. फादर येऊन चित्र घेऊन गेले, त्यांना रंग आवडले.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, कुणाला दाखवणारही नाही. आईला तर नाहीच. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या आवारात आई बोलत होती तेव्हा मला एकदा वाटलं, तुम्ही इथे असायला हवे होतात. आणि लगेच, बाबा, तुम्ही नाही आहात याचं बरं वाटलं. कारण तुम्ही असता आणि मावशीने तुमच्याकडे बघितलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असता, याची मला अजूनही खात्री नाही.