हरलेल्याने कळवायचं

अण्णा, भिंगारच्या ज्या मैदानाच्या कडेला तुम्ही संध्याकाळी बसायचात, त्याला आता तारेचं कुंपण घातलंय. आत पोरं फुटबॉल खेळतात आणि मी भाजीची पिशवी खाली ठेवून बाहेरून बघते. खेळ मला अजूनही धड कळत नाही. पण तुमच्या क्लबचा सगळा इतिहास मला पाठ आहे, कारण लहानपणी तुम्ही आम्हाला देवाच्या गोष्टी कमी आणि त्या क्लबच्याच गोष्टी जास्त सांगितल्यात.

युगांडातल्या त्या शहरात आधी एकच क्लब होता. मग भांडण झालं ते बुटांवरून. रेल्वे कारखान्यातल्या लोकांचं म्हणणं, बूट घालूनच खेळायचं. बाजारातली पोरं अनवाणी खेळणारी, त्यांना ते अपमानाचं वाटलं. ती रागाने निघाली आणि जाताना गोलचे खांब उपटून हातगाडीवर घालून घेऊन गेली. झाले दोन क्लब, कारखान्याचा निळा आणि बाजाराचा पांढरा. पुढे दोघांनी पगारी खेळाडू ठेवले, पक्की मैदानं बांधली, तरी सामना असला की आपले निळे लोक ओरडायचे, "खांब परत द्या!" तुम्ही कारखान्यात लेथवर, म्हणजे निळे. तुमच्या शेजारच्या बाकावर काम करणारे फिटरमामा मूळचे युगांडाचेच, पण बाजारात वाढलेले, म्हणून पांढरे. आई त्यांना राखी बांधायची, म्हणून ते आमचे मामा.

तुम्हा दोघांचा एक रिवाज होता. ज्याचा क्लब हरेल त्याने दुसऱ्याच्या दारी येऊन निकाल स्वतःच्या तोंडाने सांगायचा आणि चहा करून पाजायचा. दोघंही मैदानावरूनच आलेले असायचात, सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असायचं, तरी जिंकणाऱ्याने मुद्दाम विचारायचं, "काय झालं आज?" मामा आमच्या स्वयंपाकघरात उभे आहेत, सहा फुटांचा माणूस मान खाली घालून दुधावर नजर ठेवतोय, आणि तुम्ही पाटावर बसून साखर कमी झाल्याची तक्रार करताय. आई पदर तोंडाला लावून हसतेय. मला ते घर आठवतं ते असंच.

बहात्तर साली आपल्या लोकांना देश सोडायचा हुकूम झाला. आई कपडे बांधत होती आणि तुम्हाला मात्र एकच घोर, दोन्ही क्लबांची वर्षातली मोठी गाठ आपण गेल्यावर पडणार होती. आईने तिचा पाटा-वरवंटा मामांना दिला, तो जड दगड त्यांनी खांद्यावर उचलला आणि तसेच आपल्याबरोबर स्टेशनापर्यंत आले. तिथे तुमचं ठरलं. मामा म्हणाले, "आम्ही हरलो तर मी पत्र टाकीन. पण तुम्ही हरलात, तर तुला कळवायचं कोणी?" तुम्ही म्हणालात, "तुझं पत्र आलं न्हाई, की समजंन हरलो." दोघंही हसलात. गाडी सुटली तेव्हा मामा खांद्यावर दगड घेऊन फलाटावर उभे होते.

भिंगारला काकांनी आपल्याला एक खोली दिली. दुष्काळ पडलेला. पाण्यासाठी आई हंडा घेऊन रांगेत, रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, तिच्या भाकरी थापताना मोडायच्या. तुम्ही ट्रकच्या गॅरेजात लागलात. कामाला जाताना आणि येताना पोस्टमन जिथे भेटेल तिथे त्याला थांबवायचात. तो बिचारा लांबूनच हात हलवून नाही म्हणायला शिकला. निळे हरले असतील अशी शक्यता सुरुवातीला तुम्ही ऐकूनही घ्यायचा नाहीत. "आपला गोलकीपर भिंत हाय भिंत. टपाल लई लांबून येतंय, लागंल येळ," असं आईला सांगायचात. तेव्हा तुम्हाला फक्त जिंकायचं होतं.

मग नगरच्या बाजारात तुम्हाला ते कापडवाले शेठ भेटले, आपल्यानंतर शेवटच्या विमानाने आलेले. त्यांना तुम्ही हौसेने जेवायला घेऊन आलात. हात धुता धुता ते म्हणाले, तुमच्या रेल्वे कारखान्यातून लष्करी ट्रकमध्ये घालून माणसं नेली, परत कोणी आलं नाही. कोणाकोणाला नेलं ते त्यांना माहीत नव्हतं. आईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तुम्ही शेठना दारापर्यंत पोचवून आलात आणि आईला म्हणालात, "हरलो गं आपन."

"आवो, पर भाऊचं काय?" आईने विचारलं.

"त्याला काय झालेलं न्हाई. तो जिंकलाय. जिंकलेला मानूस कशाला लिवंल? तसंच ठरलं हुतं आमचं."

तुम्ही स्टोव्ह पेटवलात. जन्मात पहिल्यांदा तुम्ही आमच्यासमोर चहा केलात, कारण या खेपेला तो तुम्ही पाजायचा होता. दोन कप ओतलेत, एक समोर ठेवलात. तो निवला, साय धरली, तेव्हा आईने उचलून मोरीत ओतला आणि कप दोनदा धुतला. त्यानंतर दर वर्षी त्या सुमाराला हा चहा होत राहिला, आणि आम्ही कोणीच त्याबद्दल विचारलं नाही.

तो पराभव मात्र तुम्ही फार मायेने वाढवलात, अण्णा. मैदानावर खेळायला येणाऱ्या छावणीतल्या जवानांना सांगायचात, आधी नुसतं "हरलो", मग "एका गोलने हरलो". पुढे आपला गोलकीपर ओल्या गवतावर घसरला. नंतर पांढऱ्यांचा कुठलासा पोरगा अनवाणीच उतरला आणि त्याने तिघांना चकवलं. न पाहिलेल्या सामन्यात तुम्ही आपल्याच लोकांना दर वर्षी जास्त वाईट हरवत होतात. एक शीख हवालदार तुम्हाला चिडवायचा, की चाचा, तुमचा क्लब कधी जिंकला तरी होता का? तुम्ही त्याच्याबरोबर हसायचात. मला तेव्हा तुमची लाज वाटायची, आणि आता तो हसरा चेहरा आठवला की हातातला घास ताटात ठेवते. शेवटच्या आजारातही तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "लई वाईट हरलो बघ आमी," आणि तुमच्या तोंडावर समाधान होतं.

परवा लेकीचा फोन आला. ती इंग्लंडात नर्स आहे, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. तिच्या वॉर्डात एक म्हातारा पेशंट आलाय, युगांडातल्या त्याच शहरातला. बोलता बोलता फुटबॉल निघालं, तर तिने गंमत म्हणून तुमचं ते वाक्य इंग्रजीत म्हटलं, "खांब परत द्या." म्हातारा उठून बसला. आपण निघालो त्या वर्षीचा सामना त्याने मैदानात बसून पाहिला होता. लेक फोनवर नुसती नाचत होती. "आई, आजोबा जिंकले होते! निळे जिंकले होते!"

मला रडू फुटलं. तिला वाटलं, आनंदाने. तिला पत्राचं काहीच माहीत नाही. मामांनी ते टाकायला हवं होतं, अण्णा, आणि दिलेला शब्द मोडणारा माणूस नव्हता तो. मामांचं काय झालं ते तुम्हाला शेठ जेवून गेले त्याच दिवशी कळलं होतं, आणि तरी इतकी वर्षं तुम्ही एकट्याने तो सामना हरत राहिलात.

हरलेल्याने कळवायचं होतं. ज्याने कळवायचं तो उरला नाही, म्हणून मी लिहायला बसले. पण हे तुमच्या फोटोपुढे वाचायचं म्हटलं तर माझी जीभ उचलत नाही. कागद घडी करून पिठाच्या डब्याखाली सरकवतेय.

आणि लेकीला मी काल सांगून टाकलं, की तुझ्या त्या म्हाताऱ्याचं वय झालंय, त्याला नीट आठवत नसेल. आपण हरलो होतो.