पाकळी घड्याळाचे काटे आणि एक सही

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, विज्ञान शाखेची पदवीधर, तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेली रेखांकनाची शिक्षिका, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. हे शेवटचे वाक्य निव्वळ रिवाज म्हणून लिहिलेले नाही. कलम चार वाचल्यावर ते कळेल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. दुसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते विकावे आणि बँकेतल्या ठेवींसह सगळी रक्कम तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेला द्यावी. त्यातून एक चांगले लेथ मशीन घ्यावे. त्यावर माझ्या नावाची पाटी नको. तिथल्या पाट्यांवर विद्यार्थी काय काय कोरतात ते मी तीस वर्षे पाहिले आहे.

२. माझ्या संग्रहात चौदा घड्याळे आहेत. ही बाजारात सरसकट मिळणारी घड्याळे नव्हेत. नावाजलेल्या रचनाकारांनी एखाद्या इमारतीसाठी किंवा कचेरीसाठी मुद्दाम आखलेली, मोजकीच बनलेली अशी ही आहेत. त्यांतले तिकोनी घड्याळ मी एका टपाल कचेरीच्या भंगारातून उचलले आणि सात तास मांडीवर घेऊन बसने आणले. ही चौदाही चौकातल्या घड्याळजींना द्यावीत. माझी बारीक करवत, कानशी, चिमटे आणि भिंगही त्यांनाच. करवतीची मूठ सैल झाली आहे, जपून वापरावी. बावीस वर्षांपूर्वी संग्राहकांनी माझ्याशी बोलणे टाकले, तेव्हाही या गृहस्थांनी माझी घड्याळे उघडून तपासणे थांबवले नाही. झाल्या प्रकाराबद्दल एक शब्द विचारला नाही. एकदा फक्त म्हणाले, "बाई, घड्याळ ठणठणीत आहे. तुम्ही चावी रागाने देता, तेवढं सोडा." ते मला जमलेले नाही.

३. माझ्या भावजयीला स्वयंपाकघरातले, संग्रहाबाहेरचे निळे घड्याळ द्यायचे होते. दर वाढदिवसाला ती नवऱ्याच्या चोरून मला फोन करते. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, त्याच्या बायकोलाही नाही. म्हणून ते घड्याळ मी गेल्या मंगळवारी तिच्या हातात देऊन मोकळी झाले. संग्राहक मंडळाच्या अध्यक्षांना काही नाही. त्यांनी विचारणा केलीच, तर पुन्हा हेच सांगावे.

४. आता धाकट्या भावाविषयी.

घड्याळांचा नाद त्याला मी लावला. पुढे तो मंडळाचा चिटणीस झाला आणि मी साधी सभासद राहिले, त्याचे मला काही वाटले नाही. त्याच्याकडे 'पाकळी' घड्याळ आहे. एका जहाज कंपनीच्या कचेरीसाठी अशी अठराच बनली. तबकडीवर आकडे नाहीत, बारा पितळी पाकळ्या आहेत, आणि काटे निळसर पोलादाचे. प्रत्येक काट्याच्या पाठीवर क्रमांक ठोकलेला असतो. अशा घड्याळाचा एक काटा जरी मूळचा नसला, तरी संग्राहक ते नोंदीत तसे लिहितात. लपवणे हा आमच्यातला सगळ्यात मोठा गुन्हा.

बावीस वर्षांपूर्वी, मंडळाच्या प्रदर्शनाला नऊ दिवस उरले असताना तो टॉवेलमध्ये घड्याळ गुंडाळून माझ्याकडे आला. तोंड उतरलेले होते.

"ताई, माझ्या हातून काटे मोडले."

"दोन्ही?"

"दोन्ही. साफ करत होतो. तू नवे कापून दे ना. तुझ्याशिवाय कोणाला जमणार आहे?"

मी तुकडे जुळवून मापे घेतली, पोलादी पट्टीतून काटे कापले आणि तव्यावर तापवून त्यांना निळी झाक आणली. देताना बजावले, "नोंदीत 'काटे नवे' असं स्पष्ट लिही."

"लिहितो गं. मला काय कळत नाही का?"

त्याने लिहिले, 'सर्व भाग मूळचे.'

प्रदर्शनात परीक्षकांनी काटा उतरवून उलटा केला. क्रमांक नव्हता. भर सभागृहात माझा भाऊ म्हणाला, "हे ताईचं काम. मला न विचारता बदलले तिने. हल्ली तिचं डोकं ठिकाणावर नसतं, काय करते ते तिचं तिलाच कळत नाही."

मी उठले होते. पहिल्या रांगेत आई बसली होती. तिने माझा पदर ओढून मला खाली बसवले. घरी जाताना म्हणाली, "तू मोठी आहेस ना? मग दे सोडून. त्याला चारचौघांत वावरायचंय." मला कुठे वावरायचे आहे, हे तिने विचारले नाही. आई होती तोवर मी गप्प राहिले. ती गेल्यावर कोणी ऐकायला तयार नव्हते. मंडळाच्या नोंदवहीत माझ्या नावापुढे लिहिले आहे : 'बनावट काटे बसवल्यामुळे सभासदत्व रद्द.' त्यानंतर कोणी मला घड्याळ विकले नाही. पंधरावे आले नाही ते त्यामुळे.

त्याचे पाकळी घड्याळ आजही त्याच्या दिवाणखान्यात माझ्याच काट्यांवर चालते. मूळ काट्यांचे चार तुकडे माझ्या कपाटात पाकिटात आहेत. ते पाकीट आणि या मृत्युपत्राची नक्कल, साक्षीदारांच्या सह्यांसकट, माझ्यामागे मंडळाला पाठवावी. नोंदवहीतल्या त्या ओळीशेजारी ती चिकटवावी.

५. या मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक वकीलबाई. दुसरा माझा धाकटा भाऊ. त्याने सगळा मजकूर स्वतः वाचावा, आणि तो खरा आहे व माझे डोके ठिकाणावर आहे असे लिहून सही करावी. दुसऱ्या कोणाचीही सही मी घेणार नाही.

वकीलबाई म्हणाल्या, "अहो, असं कुठं असतं का? त्याने सही केली तर त्याला दमडी मिळणार नाही. नाही केली तर कागद रद्द, आणि तुमच्यामागे रक्ताचा तोच एकटा. घर, घड्याळं सगळं त्याचंच. मग कशाला करेल तो सही?"

तेच मला पाहायचे आहे. घड्याळे घड्याळजींकडे गेली तर मला बरे वाटेल. भावाकडे गेली तर त्यांची झाडपूस तरी नीट होईल, तेवढी शिस्त मी त्याला लावली आहे. पण ही सही मला हवी आहे, आणि ती फुकट मिळालेली नको.

स्थळ : माझ्या घराची पुढची खोली.
दिनांक : नऊ मार्च, सकाळी साडेदहा.

(सही)
मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिली : बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत. मी त्यांना परोपरीने समजावले, हेही नमूद करते.
(सही) वकीलबाई

साक्षीदार दुसरा : सगळे दोनदा वाचले. ताईचे डोके ठिकाणावर आहे, तेव्हाही होते. नोंद मी खोटी केली. तास-काटा माझ्या हातून मोडला. मिनिट-काट्याला आधीपासूनच चीर होती.
(सही) धाकटा भाऊ

शेवटचे वाक्य मला मान्य नाही. सही मान्य आहे.
(सही) मृत्युपत्र करणारी