सुरुवातीच्या गाण्यांच्या कॅसेटी आणि बाकीची मालमत्ता

मी, खुर्च्या-सोफ्यांचं गादीकाम करणारा, सत्तरी कधीच ओलांडलेला, डोकं ठिकाणावर असताना, कुणी न शिकवता आणि न धमकावता हे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. याआधी असलं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखंही काही नाही. वकीलबाई म्हणाल्या, सुरुवात अशीच करावी लागते. केली.

सिनेमात मृत्युपत्र वाचतात तेव्हा मोठा दिवाणखाना असतो, सगळे नटूनथटून बसतात आणि कुणाच्या तरी हातातला कप पडून फुटतो. आमचे कप स्टीलचे आहेत. गुपचूप वाचा आणि उठा.

एक. घर, म्हणजे दोन खोल्या आणि पुढचं दुकान, माझ्या कमाईचं आहे, त्यावर कुणाचा हक्क नाही. ते सगळं माझ्या नातीच्या, भिंगरीच्या नावावर करावं. बँकेत जे काही असेल तेही तिचंच. दुकान भाड्याने द्यायचं तर द्या, फक्त मोबाईलवाल्याला देऊ नका. दिवसभर त्यांची ती टिंगटिंग. त्याला गाणं म्हणत नाहीत.

दोन. शिवणयंत्र, मोठी कात्री आणि वाकड्या सुया शेजारच्या गाळ्यात पडदे शिवणाऱ्या बाईंना. त्यांना काम येतं, आणि काम करताना त्या बोलत नाहीत.

तीन. माझ्या धाकट्या भावाला टीव्हीचा रिमोट. टीव्ही नाही, रिमोट. जन्मभर आला की पहिला तोच हातात घ्यायचा. शिवाय खुनाच्या मालिकेत खुनी कोण ते आधीच सांगून टाकायचा. "दादा, तो माळी बरं का!" अशा माणसाला यापेक्षा जास्त मिळत नसतं.

चार. कॅसेटी. हे कलम नीट वाचा.

मी थिएटरच्या खुर्च्या दुरुस्त करायचो. काम सकाळी, हॉल रिकामा असताना. मशीन चालतंय का बघायला ऑपरेटर पहिलं रीळ लावायचा. त्यामुळे मी सिनेमे खूप बघितले, पण सगळे सुरुवातीचे. नायिका कॉलेजात जाते, बाप ओरडतो, एक गाणं, संपलं. शेवट मला लेक सांगायची. मैत्रिणींबरोबर बघून यायची आणि मी गादीत काथ्या भरत असताना घोड्यांच्या टापांसकट सगळं करून दाखवायची. पण कुणी मेलं की तिच्याच्याने सांगवायचं नाही. "मग तो बाहेरगावी गेला, बाबा." पुढे टीव्हीवर तेच सिनेमे लागले तेव्हा कळलं, निम्मे नायक बाहेरगावी वगैरे गेलेच नव्हते.

माझं मत विचाराल तर सिनेमाचा पहिला अर्धा तासच चांगला असतो, पुढे लिहिणारा दमतो. मालिकेचं तर सुरुवातीचं गाणंच तेवढं चांगलं. त्यात सगळं कुटुंब ओळीत उभं राहून हसतं. पुढे वर्षभर कुणी हसत नाही. लेकीचंही तेच म्हणणं होतं, म्हणून ती रेकॉर्डर टीव्हीला टेकवून ही गाणी भरून घ्यायची. तेवढा वेळ घरात कुणी हलायचं नाही असा नियम होता. माझे खिळे नेमके तेव्हाच ठोकायचे असायचे. गिऱ्हाईक काय गाणं संपेपर्यंत थांबतंय? म्हणून त्या सगळ्या गाण्यांत हातोडी आहे, आणि हातोडीमागून तिचा आवाज, "बाबाऽ! गप्प ना!" पोलिसांच्या मालिकेच्या गाण्यात मी भोंग्याबरोबर शिंकलो, तर ती हसत सुटली ती गाणं संपलं तरी हसतेच आहे. चाल साधारण आहे. हसणं चांगलं आहे.

या कॅसेटी रेकॉर्डरसकट भिंगरीला. हीच गाणी आता फोनवर स्वच्छ मिळतात म्हणे. स्वच्छ नको आहेत. आवाज साफ करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. पोरीच्या आईचे व्हिडिओ आहेत फोनमध्ये, पण ते आजारपणातले. त्यात ती हळू बोलते. ओरडणारी आई फक्त इथे आहे.

पाच. यात द्यायचं काही नाही, पण लिहिणार.

लेक दवाखान्यात होती तेव्हा ती एका मालिकेत अडकली होती. बस चालवणारी बाई आणि तिचा हरवलेला भाऊ. लांबण लावली होती नुसती, एकच चेहरा तीन-तीनदा दाखवायचे आणि मागे ढोल. पण हिचा जीव त्यात. संध्याकाळच्या औषधाने तिला झोप यायची, म्हणून मी घरी बघायचो आणि सकाळी जाऊन सांगायचो. मला तिच्यासारखं सांगता येत नाही. "बाई आली. सासू चिडली. दार आपटलं. झालं." ती म्हणायची, "बाबा, तुम्ही सांगितलं की मालिका परवडते." गाणं मात्र रोज म्हणायला लावायची. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारबाई एकदा म्हणाल्या, "अहो, औषध यापेक्षा गोड आहे!" त्या दिवशी लेक जेवली.

ती गेली त्या संध्याकाळी घर माणसांनी भरलं होतं. वेळ झाली तसा मी उठलो, आतल्या खोलीत गेलो आणि टीव्ही लावला. जावई आले.

"बाबा, हे काय करताय?"

"थांबा हो, आत्ताच सुरू झालंय."

"बाबा, बाहेर लोक बसलेत. ती गेलीय."

"माहीत आहे मला. जरा गप्प बसा."

त्यांनी भिंगरीला उचललं आणि निघून गेले. तेव्हापासून दोघं या घरात आलेले नाहीत. फोन केला तर तोही उचलत नाहीत. लोक म्हणाले, म्हातारा दगड आहे. मी खुलासा केला नाही. उभं राहून लांबलचक खुलासे करणारी माणसं मला पडद्यावरही सहन होत नाहीत. आता एकदाच लिहितो. सकाळी तिला काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. ती गेली ते कळलं होतं. सकाळी सांगायचं नाही, हे कळलं नव्हतं.

मालिका पुढे संपली. शेवट मी बघितला. कुणाला सांगितलेला नाही.

सहा. जावयांच्या नावावर मी काहीही ठेवत नाही. चमचासुद्धा नाही. हे रागाने नाही. वकीलबाईंनी सांगितलं की ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, आणि साक्षीदाराने सही माझ्या डोळ्यांसमोर करायची, कागद घरी धाडून भागत नाही. साक्षीदार दोन लागतात, त्यातले दुसरे मला जावईच हवेत.

वकीलबाई म्हणाल्या, "काका, कुणीही चालतं. समोरच्या दुकानातून बोलावू का?"

"नको."

"पण तोवर हा कागद कच्चा. मधेच तुमचं काही झालं तर?"

"तर कच्चा राहील."

त्या चष्मा पुसत बसल्या.

मृत्युपत्र मेल्यावर वाचायचं असतं. मला तेवढा धीर नाही. याची एक प्रत आजच जावयांकडे पाठवतोय. जावईबापू, माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नका. चहा नको असेल तर तोही घेऊ नका. सही करायला या आणि येताना भिंगरीला आणा. ती आता केवढी झाली आहे ते मला माहीत नाही.

इच्छापत्र करणाऱ्याची सही: जावई समोर बसले की करीन.

साक्षीदार पहिला: शेजारचा घड्याळवाला. हाक मारली की येतो म्हणाला आहे.

साक्षीदार दुसरा:

ठिकाण: घरची पुढची खोली. टीव्ही बंद असेल.

तारीख: तुम्ही याल ती.