जिना चढताना दुखणारी दाढ

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तू हॉस्पिटलमधून घरी आलीस, दोन वेळा नीट जेवलीस आणि भावजींवर खेकसलीसही, हे त्यांच्याकडूनच कळलं. म्हणजे गाडी रुळावर आली म्हणायची. इकडे सगळं ठीक. दवाखान्यातली माझी मदतनीस रजेवर आहे, त्यामुळे हत्यारं धुण्यापासून फोन घेण्यापर्यंत सगळं मीच करते आहे. कंबर कुरकुरते, पण चाललंय.

परवा फोनवर तू म्हणालीस, "मी म्हटलं दाढ भरून दे, तर तू मला हृदयाच्या डॉक्टरकडे पिटाळलंस. रक्तवाहिनी बंद होत आली होती, ते तुला इतक्या लांबून कसं गं कळलं?" मी म्हणाले, "अनुभव." तू भावजींना हाक मारून सांगितलंस, "बघा, माझ्या बहिणीने जीव वाचवला." फोन ठेवून मी पुढचा पेशंट घेतला, त्याची दाढ भरली. मला काहीच वाटलं नाही. गेली चार वर्षं माझं हे असंच आहे.

तो अनुभव कुठला, ते सांगायला बसले आहे. जरा आडवळणाने सांगेन, पण सांगेन.

आई गेली त्या आठवड्यात, मंगळवारी, ती माझ्याकडे आली होती. हे मी तुला कधी सांगितलं नाही. डावीकडची खालची दाढ दुखते म्हणाली. एक्स-रेमध्ये कीड दिसली, पण अगदी बारीक. एवढ्याशा किडीने दाढ ठणकत नाही. कधी दुखते, असं विचारलं. "जिना चढताना," ती म्हणाली. मला हसू आलं. म्हटलं, "आई, दाढेला जिन्याचं काय कळतंय? तू दात आवळून चढत असशील." तिला ते पटलं. माझं सगळंच तिला पटायचं.

मग भरायला घेतली. रंग आधी जुळवावा लागतो, दात ओला असतानाच. कोरडा पडला की तो आहे त्याहून पांढरा दिसतो, आणि त्यावरून रंग निवडला तर फिलिंग नंतर ठिगळासारखं उठून दिसतं. मी रंगांची पट्टी दाताशी धरली, तर म्हणे, "सगळ्यात पांढरा लाव. मुलीला एवढं शिकवलं ते कशाला?" इंजेक्शन दिलं, ओठ सुन्न झाला. कीड कोरून काढली, निळं जेल लावलं, धुतलं, वाळवलं, वरून चिकटवायचं द्रव्य फासलं. या टप्प्याला थुंकीचा एक थेंबही चालत नाही, पकड बसत नाही. तेवढ्यात कापसाच्या बोळ्यांमधून ती म्हणाली, "अजून दुखतंय गं."

ताई, सुन्न केलेली दाढ दुखत नाही. तरीही दुखत असेल तर ते दुखणं दाढेचं नसतं, दुसरीकडून आलेलं असतं. हे मी शिकले आहे, परीक्षेत लिहून मार्क मिळवले आहेत. आणि मी म्हणाले, "बोलू नकोस, ओलं होईल."

तिने तोंड आणखी मोठं उघडलं. मी एकेक पातळ थर दिला, प्रत्येक थर निळ्या दिव्याखाली वीस वीस सेकंद कडक केला, रंगीत कागद चावायला देऊन उंचवटे घासले, चकाकी आणली. काम इतकं सुरेख झालं की दात कुठे संपला आणि भरलेलं कुठे सुरू झालं, ते मलाच ओळखू येईना. आरसा दिला. ती अर्ध्याच ओठाने हसली. बाहेर दोन पेशंट ताटकळले होते, म्हणून मी तिला दारापर्यंतही सोडायला गेले नाही.

शुक्रवारी सकाळी हृदयाच्या झटक्याने ती गेली.

गुरुवारी तुझं तिच्याशी फोनवर वाजलं होतं. तू रडत म्हणत होतीस, "माझ्या बोलण्याने गेली." मग सगळ्यांसमोर मला विचारलंस, तिला आधी काही त्रास होत होता का? मी म्हणाले, "नाही. तिने कधी काही तक्रार केली नाही." आणि तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तू अजूनही तिच्या फोटोकडे बघत नाहीस, हे भावजींनी मला सांगितलं आहे. ते ऐकूनही मी गप्प राहिले.

म्हणून तुझा निरोप आला, "डावी दाढ, जिना चढले की ठणकते," तेव्हा माझे हात गार पडले. चार वर्षांत मला काही वाटलं असेल तर तेवढंच.

आई तुझ्यामुळे गेली नाही. तिने सांगितलं होतं, माझ्याच खुर्चीत बसून. ऐकायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नाही.

हे पत्र भावजींना दाखव किंवा दाखवू नकोस. जीव वाचवणारी मात्र मला पुन्हा म्हणू नकोस. राग आला की फोन कर आणि वाटेल ते बोल, मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. बोलावंसं वाटलं नाही, तर तेही समजेन. गोळ्या मात्र एकही दिवस चुकवू नकोस.

तुझी म्हणायची की नाही ते आता तू ठरव,
धाकटी